पत्रकातून मी उंदीर गाळले

अंगावर कुठेही गाठ लागली असेल तर ती उद्याच्या उद्या दाखवा, आणि डॉक्टर जे काय सांगतील ते स्वतःच्या कानांनी ऐका. भावाला, नवऱ्याला, सासऱ्याला आत पाठवून स्वतः बाहेर बाकावर बसू नका. एवढं वाचून कागद ठेवून दिलात तरी माझं काम झालं. पुढे आहे ते माझ्या आजाराचं, आणि त्या आजारात माझ्या हातून जे झालं त्याचं. ते वाचून माझ्याबद्दलचं मत वाईट झालं तर होऊ दे.

नऊ महिने

मी सुनंदा. राहायला दापोडी, रेल्वेच्या बाजूच्या चाळीत. वडील वर्कशॉपात फिटर होते. ते वारल्यावर घर मोठ्या भावाच्या आणि माझ्या पगारावर. मी पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते, अजूनही आहे. कॉलेजचं एक वर्ष पदरात आहे, म्हणून संघटनेची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मी ते दुसऱ्या कुणाला मिळू दिलं नाही.

आणीबाणी उठून सव्वादोन वर्षं झाली होती तेव्हा गळ्याच्या डाव्या बाजूला, हाडाच्या वर, हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाले, टॉन्सिल. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांच्या डबीवरचं लेबल आमच्याच लाइनीवर चिकटवलेलं होतं, ते मी ओळखलं. महिनाभराने गेले तर पुन्हा त्याच. तिसऱ्या महिन्यात गाठ बोराएवढी झाली तेव्हा म्हणाले, गंडमाळ आहे, टीबीची. मग रोज कमरेत इंजेक्शन. संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे चादर पिळून घ्यावी इतका घाम, आणि अंगाला खाज, अशी की लेबलं लावता लावता मी बाकाच्या कडेला पाठ घासायचे. सुपरवायझर म्हणाला, "बाई, पुढारीपण कमी करा, खाज आपोआप थांबेल." शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसले. आज त्या हसण्याचाच राग येतो.

नऊ महिन्यांत बाईला मूल होतं. आमच्या डॉक्टरांना नऊ महिन्यांत त्या गाठीला एकदा हात लावायला जमलं नाही. गाठ लिंबाएवढी झाली आणि तिच्याखाली दुसरी आली, तेव्हा दादाने मला सायकलवर बसवून बसस्टॉपवर नेलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हजर केलं. तिथे एका दिवसात गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. एका दिवसात.

बाहेरचं बाक

निकालाच्या दिवशी मी आणि दादा सकाळपासून बसलो होतो. नाव पुकारलं, मी उठले. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "घरचं कोण आलंय?" दादा म्हणाला, मी भाऊ. "तुम्ही या आत. त्यांना बाहेर बसू द्या."

दार लागलं. मी बाहेर. माझी गाठ, माझा गळा, कागदावर माझं नाव, आणि मी बाहेर. बाकावर एक म्हातारी होती, ती म्हणाली, "बस गं, मोठ्या माणसांचं बोलणं असतं ते." मी चोवीस वर्षांची होते. कामगार आयुक्तांच्या कचेरीत मॅनेजरच्या तोंडावर बोललेली बाई. आणि बसले. याचंही मला आश्चर्य वाटतं, की मी दार ढकललं नाही.

दादा बाहेर आला तो सरळ नळावर गेला. ओंजळीने पाणी प्याला, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मग म्हणाला, "टीबीच आहे. जुना झालाय म्हणून शेक द्यायचाय मशीनवर."

"टीबीला शेक कधीपासून देतात?"

"डॉक्टर तू आहेस का?"

बसमध्ये त्याने फाइल मांडीखाली दाबून ठेवली होती. खडकीला एक आजोबा चढले, दादा सवयीने जागा द्यायला उठला आणि फाइल सीटवर राहिली. मी उघडली. रोगाला कुण्या गोऱ्या डॉक्टरचं नाव होतं, ते मला कळलं नाही. पण वरच्या कोपऱ्यात विभागाचा शिक्का होता, त्यात कॅन्सर हा शब्द होता. तो वाचायला कॉलेजात जावं लागत नाही.

"दादा, गाठ कुणाच्या गळ्यात आहे?"

"हळू बोल."

"माझ्या गळ्यात आहे ना? मग बातमी तुझ्याकडे कशी?"

"डॉक्टरच म्हणाले. पेशंटला कळलं की पेशंट खचतो."

"खचायचं की नाही ते मी बघीन. तू माझ्या वाटचं खचून कशाला आलास?"

अख्खी बस ऐकत होती. दादा वरची दांडी धरून उभा होता, त्याने तोंड दंडात लपवलं आणि त्याची पाठ हलायला लागली. मी त्याला बस म्हणाले नाही, पाठीवर हात ठेवला नाही. दापोडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. आजारी माणूस प्रेमळ होतो असं ज्यांनी लिहून ठेवलंय ते कधी आजारी पडले नसावेत.

घरी आईचं दुसरंच. तिने आधी दार लावलं, मग विचारलं, कुणाला बोललात का. माझ्यासाठी एक स्थळ चालू होतं. आईने चाळीत सांगितलं, पोरीच्या मानेत लचक भरलीय. पुढे वीस दिवस चाळीतल्या बाया मला लचकेवरचे उपाय सांगत होत्या आणि एक तर लाटणं घेऊन आली होती मान चोळायला.

शेक

ताप उतरत नव्हता म्हणून मला भरती करून घेतलं. ज्यांना तिथे जायचंय त्यांच्यासाठी सांगते. पहाटे पाचला थर्मामीटर तोंडात. सहाला फिनेलचा वास आणि पाठोपाठ चहा, त्यामुळे चहालाही फिनेलचा वास. मानेवर आणि छातीवर जांभळ्या शाईने चौकोन आखतात, तो पुसायचा नाही, म्हणजे सहा आठवडे तिथे पाणी लावायचं नाही. तळघरात किरणांच्या शेकाचं मशीन. तुम्हाला फळीवर झोपवतात, हलू नका म्हणतात, घाबरू नका म्हणतात, आणि मग सगळेच्या सगळे बाहेर पळतात आणि वीतभर जाडीचं दार लावून घेतात. दुखत काही नाही. तिसऱ्या आठवड्यात घसा आतून सोलून निघतो. थुंकी गिळायची तरी डोळ्यांतून पाणी. त्या दिवसांत पॅकिंगच्या बाया पाळी लावून यायच्या, शिफ्ट सुटली की कुणीतरी एक बरणीत ताक घेऊन हजर. ताक एवढंच उतरायचं.

शेजारच्या खाटेवर हौसामावशी होती. तळवड्याची, चाळीस-बेचाळीसची, शेतात राबलेली. तिच्या छातीत गाठ होती. तिला आधी शेक, मग महिनाभर घरी, मग ऑपरेशन असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुला काय झालंय गं?"

"कॅन्सर."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "आसं तोंडानं बोलत्यात व्हय? हितं समद्यांना टीबी असतीया. मला बी टीबी हाय."

"मावशी, छातीचा शेक टीबीला देत नाहीत."

"ठावं हाय मला. पर आमच्या तात्यांना वाटतंय मला ठावं न्हाई. ऱ्हाऊ दे त्यांचं समाधान." तात्या म्हणजे तिचा नवरा.

ती मला मास्तरीण म्हणायची, कारण मी पलंगावर बसून लिहायचे. माझी वेणी तीच घालायची. शेकाने मानेवरचे केस फणीबरोबर यायला लागले तेव्हा ती ते मुठीत गोळा करून पदराखाली लपवायची आणि मला गावच्या गोष्टी सांगत राहायची. मला समोरच्या खिडकीच्या काचेत सगळं दिसायचं. मी कधी बोलले नाही. त्या एका खोटेपणाचा मला राग आला नाही, का ते माहीत नाही.

मासिक

संघटनेच्या कचेरीतल्या रद्दीतून कुणीतरी मला वाचायला म्हणून इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आणून दिला. त्यात एक लेख होता. लोक जेवणात खातात त्या अळंबीतून काही प्रथिनं वेगळी काढली, गाठी असलेल्या उंदरांना टोचली, आणि पुष्कळ उंदरांच्या गाठी वाढायच्या थांबल्या, काहींच्या विरल्या. परदेशात हे काम काही वर्षं चाललंय असं लिहिलं होतं. मी तो लेख चार वेळा वाचला. पाचव्या वेळी मला राग आला.

राग कशाचा ते सांगते. आमच्या कारखान्यात काय होतं? बुरशी वाढवतात. दुमजली घराएवढ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिच्यातून औषध काढायचं, बाटलीत भरायचं. अळंबी म्हणजे बुरशीचीच भावकी. टाक्या आहेत, माणसं आहेत, बुरशीचं ज्ञान आहे. मग कामगाराच्या गळ्यातल्या गाठीसाठी कुणी हे करून बघितलं का? कुणी विचारलं तरी का? प्रश्न बरोबर होता. आजही मी तो प्रश्न मागे घेत नाही.

मी लेख हौसामावशीला मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "अगं, अळंबी तर आमी दर साली खातो. सरावनात वारुळावर येती, टोपलं भरून आणतो. मग मला कशी झाली गाठ?"

"तशी खाऊन नाही मावशी. त्यातलं प्रथिन काढून टोचायचं."

"आसं," ती म्हणाली. मला लिहायची घाई होती. तिने एका वाक्यात जे विचारलं होतं ते मी तिथेच थांबून ऐकलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

एक स्टेन्सिल

पत्रक लिहायला मला बापूंनी शिकवलं. बापू आमच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते. त्यांचे नियम तीन. एक स्टेन्सिल, म्हणजे छपाईचा एक मेणकागद, एक पान. पहिल्या ओळीत राग आणि शेवटच्या ओळीत मागणी. आणि शंका नाही. "पत्रकात कदाचित घातलंस," बापू म्हणायचे, "की गेटवरचा माणूस त्याच कागदानं विडी पेटवतो."

सहा आठवडे संपून मी घरी आले तेव्हा हौसामावशीलाही घरी सोडलं होतं, ऑपरेशनची तारीख देऊन. मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन स्टेन्सिलवर बसले. गाठ निम्म्याने बसली होती, अंगात उभं राहायची ताकद नव्हती, पण लिहायची होती. मथळा लिहिला: अळंबीच्या प्रथिनाने गाठ विरते, मग कामगाराला का नाही? खाली कंपनीच्या डॉक्टरांचे नऊ महिने, बुरशीच्या टाक्या, मागणी. पान भरलं. दोन ओळी जास्त झाल्या. एका ओळीत होतं, हे प्रयोग उंदरांवर झालेत, माणसांवर अजून नाहीत. दुसरीत होतं, अळंबी खाऊन हा गुण येत नाही.

सायक्लोस्टाइलवर दोन ओळींसाठी दुसरं स्टेन्सिल कुणी कापत नाही. काहीतरी गाळायचं होतं. नऊ महिने गाळू? मागणी गाळू? मी त्या दोन ओळी गाळल्या. मनाने खाल्लं का? नाही. उलट पत्रक घट्ट झालं असं वाटलं. बापूंनी वाचलं आणि म्हणाले, "आता कसं!"

तीन शिफ्टच्या तीन गेटवर पत्रक वाटलं. लोकांनी ते फेकलं नाही, घडी करून खिशात घातलं. मी खूश होते. एक प्रत मी तात्यांच्या हातात दिली. ते निगडीजवळच्या एका कंपनीत वॉचमन होते, पाळीवर जाताना मला स्टॉपवर भेटले. "मावशींना वाचून दाखवा," मी म्हणाले.

तळवडे

दीड महिन्याने तपासणीला गेले तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "तुझी ती तळवड्याची मावशी आलीच नाही गं. ऑपरेशनची तारीख होऊन अकरा दिवस झाले."

त्याच दिवशी लहान डॉक्टरांनी, म्हणजे वॉर्डात तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी, माझ्यासमोर पत्रक ठेवलं. त्यांना ते एका पेशंटच्या उशीखाली सापडलं होतं. "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"प्रथिन पोटात गेलं की पोट त्याचे तुकडे करतं. रोज अंडं खाल्लं म्हणून पिसं फुटतात का तुम्हाला?"

"ते मला माहीत होतं."

त्यांनी पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं. त्यांनी मला झापलं असतं तर मी भांडले असते. भांडायचं मला जमतं.

दुसऱ्या दिवशी दादाने सुट्टी घेतली. सायकलच्या मागे मला बसवून दापोडीहून तळवड्यापर्यंत नेलं, वाटेत चार ठिकाणी थांबत, कारण मला घेरी येत होती. त्याच्याशी मी बसमधल्या भांडणानंतर कामापुरतं बोलत होते. पिंपरीच्या पुढे तो म्हणाला, "तू पत्रकात लिहिलंयस ते खरं का?"

"अर्धं."

"अर्धं म्हणजे कसलं?"

मी सांगितलं. त्याने पॅडल मारता मारता मान वळवली. मग म्हणाला, "म्हणजे तू पण माणसं खचू नयेत म्हणूनच गाळलंस." मी म्हणाले, तसं नाही.

हौसामावशी ओसरीवर बसून अळंबी निवडत होती. टोपलंभर. श्रावण चालू होता. मला बघून खूश झाली. "ये मास्तरीण. बस. तुझंच औषध करतीया." आत भिंतीवर खिळ्याला माझं पत्रक टोचलेलं होतं.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. की ते उंदरांचं आहे. की खाऊन काही होत नाही. की दवाखान्यात चला.

तात्या पत्रक काढून घेऊन आले. "ह्यात उंदीर कुठं हाय?"

"मी गाळले."

"छापलंय की हितं, गाठ इरती म्हणून."

"मीच छापलंय तात्या. मीच सांगते, खोटं आहे."

"छापलेलं खोटं कसं आसंल?" तात्या खरोखर विचारत होते. टोमणा नव्हता. पूर्ण आयुष्यात त्यांच्या हातात आलेले छापील कागद म्हणजे हाजरीचं कार्ड, सातबारा आणि माझं पत्रक.

हौसामावशी निवडत राहिली. मग तात्यांना म्हणाली, "तुमी जरा गोठ्याकडं जावा." ते गेले नाहीत. ती म्हणाली, "मग ऱ्हावा. आयका तुमी बी." मग माझ्याकडे बघून, "व्हय गं, मला वाटलंच हुतं. आमी दर साली खातो, म्हनलं न्हवतं का तुला? मला अळंबीची खात्री न्हवती पोरी. मला कागुद पायजे हुता."

"कशाला?"

"न जायला." तिने टोपलं बाजूला सारलं. "त्या शेवटच्या खाटंवरची बाई आठवती? आपरेशनहून आली तवा तिची एक बाजू सपाट हुती. म्या यांना इचारलं, माझं बी तसंच करनार का. हे म्हनले, न्हाई, नुसती गाठ काडनार, सुपारीवानी. खरं सांग तू. काय कापनार?"

तात्या जमिनीकडे बघत होते. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते इतके दिवस एकट्याने पोटात ठेवलं होतं. मला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी दिसलं की त्या ओसरीवर खोटं बोललेली माणसं दोन आहेत.

मी सांगितलं. पूर्ण छाती काढतील त्या बाजूची. काखेतही कापतील. टाके इथून इथपर्यंत. मी माझ्या अंगावर बोट फिरवून दाखवलं. दादा अंगणात तोंड फिरवून उभा राहिला.

"चोळी कशी बसनार मग?"

"आतून कापडाची घडी लावतात. त्या बाईने लावली होती."

"भारा उचलता येतो?"

"काही महिने नाही. नंतर डॉक्टरीणबाईंना विचारू. मला माहीत नाही."

"आनि वाचती का बाई?"

"पुष्कळ वाचतात. सगळ्या नाही. वेळेत गेलं तर जास्त."

तिने हात झटकले. तात्यांना म्हणाली, "येवढंच सांगायचं हुतं. लई जड हुतं का?" तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. ती म्हणाली, "उद्या न्हाई. उद्या गाभन म्हैस दावायची हाय डागदराला. परवा येते." मग आम्हाला भाकरी आणि तीच अळंबीची भाजी वाढली. माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता, पण मी सगळी खाल्ली.

दुसरं पत्रक

मी बापूंना म्हणाले, चूक झाली असं छापायचंय. बापू म्हणाले, "संघटना चुकली असं छापत नसतात. मालक ते फ्रेम करून लावेल."

"माझ्या नावाने छापते."

"तुझं नाव म्हणजे संघटनाच."

मी स्टेन्सिल कापलं, रोलर मी फिरवला, हाताला फोड आले. या खेपेला उंदीर पहिल्या ओळीत होते. गेटवर उभी राहिले. एकाने वाचलं आणि विचारलं, "ताई, ते आधीचं अळंबीचं उरलंय का एखादं? मेव्हण्याला पाहिजे होतं." मी म्हणाले, ते चुकीचं आहे, हे घ्या. तो म्हणाला, "हे ठीक आहे हो, पण ते चांगलं होतं." संध्याकाळी रस्त्यावर पडलेली पत्रकं मी वेचली. सगळी या दुसऱ्या खेपेचीच होती. पहिल्यातलं एकही रस्त्यावर कधी दिसलं नव्हतं. ती कुठल्या कुठल्या घरांत खिळ्यांना टोचलेली आहेत मला माहीत नाही. हे तुमच्या हातात पडलं आणि तुमच्या भिंतीवर ते असेल, तर काढून टाका. हे लिहायचं मुख्य कारण हेच आहे.

कापलं

हौसामावशी बोलल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आली. तारीख पुन्हा मिळायला आणखी दहा दिवस गेले. सकाळी स्ट्रेचर आणलं तर म्हणाली, पाय हायत मला, आणि चालत गेली. दारापाशी तिने मोठ्या डॉक्टरांना थांबवलं. "काय कापनार ते मला सांगा. यांना न्हाई, मला." डॉक्टरांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "तिला सांगा साहेब." डॉक्टरांनी सांगितलं, घाईने, पण तिलाच सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. पण काखेतल्या गाठी वाढल्या होत्या, त्यामुळे तिथे खोल कापावं लागलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तीन आठवडे आधी आली असती तर? "थोडं कमी कापावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "असं मला वाटतं. नक्की कुणी सांगू शकणार नाही." मी त्यांना म्हणाले, नक्की सांगा. त्या म्हणाल्या, "नाही सांगता येत, सुनंदा."

माझ्या दोन्ही गाठी गेल्या. स्थळही गेलं, ते एक बरं झालं. तीन वर्षं झाली, सहा महिन्यांनी तपासणीला जाते, आत मी जाते आणि दादा बाहेर बसतो. कंपनीच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत, ते हात लावून बघतात. त्यासाठी आम्हाला गेटवर चार दिवस बसावं लागलं. अळंबीच्या प्रथिनाचं काय झालं ते मी शोधत असते. माणसांना देण्याजोगं काही निघालं तर मी सगळ्यात आधी छापीन, कितीही स्टेन्सिलं लागू देत.

हौसामावशी जिवंत आहे. तिचा डावा हात काखेपासून बोटांपर्यंत सुजलेला असतो, बांगडी चढत नाही. खुरपं धरता येतं, विहिरीतून घागर ओढता येत नाही. मी पहिल्यांदा तो हात बघितला तेव्हा रडायला लागले. तिने मला रडू दिलं, मग म्हणाली, "झालं का? मग ऊठ. घरात पानी न्हाई."

मी महिन्यातून एकदा तळवड्याला जाते. पोचले की चहा नाही, बसणं नाही. ती घागर आणि दोर माझ्या हातात देते आणि विहिरीच्या काठावर बसून राहते. रांजण भरेपर्यंत मी पाणी शेंदते. एखादी घागर अर्धी आली तर म्हणते, "परत टाक."